दोन आहुतींमधलं विमान

माझ्या भावाने विमान बांधायला घेतलं तेव्हा आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती. काशीत रामघाटाच्या गल्ल्यांत सायकल चालवायची सोय नाही, हे त्याचं कारण. पण कारण काही असो, नव्हती. आणि हा विमान करणार होता. तेही जेट.

मी इंदू. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. लोकांना वाटतं, गणिताची बाई म्हणजे डोकं जागेवर असणार. या गोष्टीत मी काय केलं ते ऐकून तुम्हीच ठरवा.

विमान कशाला, हे कळायला आधी आमच्या घरातल्या अग्नीबद्दल सांगायला हवं. आमचे वडील दत्तात्रेयशास्त्री, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अग्निहोत्री. १९६६ साली त्यांनी अग्न्याधान केलं, म्हणजे यज्ञाचा अग्नी घरात विधिपूर्वक स्थापन केला. तेव्हापासून तो विझलेला नाही. रोज सूर्य उगवताना आणि मावळताना त्यात दुधाची आहुती पडते. ताप असो, दंगल असो, कर्फ्यू असो, पडते. हे व्रत एकट्या पुरुषाचं नसतं, नवराबायको दोघांचं असतं. वाटणी मात्र नेहमीचीच. नवऱ्याला कामासाठी प्रवासाची मुभा आहे, त्याच्या जागी दुसरा कोणी आहुती देतो. बायकोने मात्र दोन्ही वेळांना अग्नीपाशी हजर असायचं. अण्णा पुण्याला जाऊन आले, नाशिकला जाऊन आले, शृंगेरीला पंधरा दिवस राहून आले. आई सकाळच्या आहुतीनंतर निघून संध्याकाळच्या आत परत येता येईल तेवढ्याच जगात राहिली. ते जग बालाजी घाटापासून सुरू व्हायचं आणि फार तर सारनाथला संपायचं.

आईला एकच बहीण, शरदिनी. आमची शरूमावशी. ती दिली होती जबलपूरला. दर वर्षी दिवाळी झाली की ती आठ दिवस यायची आणि दोघी गच्चीवर बसून लहानपणीसारख्या सागरगोटे खेळायच्या, दोघींचे गुडघे कुरकुरत असताना. आईला मोठ्याने हसताना मी फक्त त्या आठ दिवसांत ऐकलं आहे. १९९३च्या मार्चमध्ये मावशीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिचं येणं संपलं आणि फोनवर बोलणंही संपलं. तिचे यजमान विष्णुकाका यांनी तिला एक पाटी आणून दिली. डाव्या हाताने ती तिच्यावर एकच शब्द काढायची. काकांनी पत्रात लिहिलं होतं, "जेवायला काय करू विचारलं तर लिहिते 'ताई', औषध घेतलंस का विचारलं तर लिहिते 'ताई'. ताईंना एकदा येता आलं तर बरं होईल. अडचण मला माहीत आहे."

ते पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले आणि "ईश्वरेच्छा" म्हणाले. आईने माझ्या हातातून कागद घेतला, घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली ठेवला आणि ती गाईचं दूध काढायला गेली. आमच्या घरात वेदाच्या शाखांवर तीन-तीन तास वाद होतो, कढीत आलं किती घालावं यावरही होतो. बाकी बोलायची पद्धत नाही.

विश्वजीत, माझा धाकटा भाऊ, रेल्वेच्या इंजिन कारखान्यात होता. हाताचा कसबी, डोक्याने हट्टी. तो त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर हा माझ्या टेबलावर नकाशा पसरून बसलेला.

"इंदूताई, जबलपूर सरळ रेषेत किती?"

मी पट्टी ठेवली. "तीनशे नव्वद किलोमीटर."

"जूनमध्ये दोन आहुतींच्या मधे किती वेळ मिळतो?"

मी पंचांग काढलं. "साडेतेरा तास. थोडे जास्तच."

"रेल्वेला एका बाजूला दहा तास. मोटारीला बारा. दोन्ही कॅन्सल. विमानाला दोन."

"अरे, काशीहून जबलपूरला विमान जात नाही."

"आपलं जाईल," तो म्हणाला.

इथे मी त्याला थांबवायला हवं होतं. मोठी बहीण आहे मी, तेवढा हक्क होता. मी काय केलं? मी विचारलं, "वारा समोरून असेल तर?" झालं. त्या प्रश्नाने मी त्याच्या विमानात बसले ती चार वर्षं उतरले नाही.

त्याचं म्हणणं असं होतं. रेल्वेच्या मोठ्या इंजिनात धुराच्या जोरावर फिरणारं एक पात्यांचं चक्र असतं, ते हवा दाबून इंजिनाला पाजतं. त्याला हे लोक टर्बो म्हणतात. असे बाद झालेले टर्बो भंगाराच्या लिलावात मिळतात. त्याला मधे जाळायची नळी जोडली की दाबलेली हवा पेटते, मागून सुसाट बाहेर पडते आणि छोटं जेट इंजिन तयार होतं. कागदावर मला ते पटलं. कागदावर मला बरंच काही पटतं.

तो टर्बो बचाऊ मल्लाहच्या नावेतून घाटावर आला आणि चार जणांनी बांबूला बांधून पायऱ्या चढवून आमच्या गच्चीवर नेला. अण्णा ओसरीत संथा देत होते. त्यांनी विचारलं, "काय आहे?"

"पंप," विश्वजीत म्हणाला.

"बरं," अण्णा म्हणाले आणि पुढची ऋचा सुरू झाली.

पुढचं दीड वर्ष गच्चीवर पत्रा कापण्याचा आणि जोडण्याचा आवाज होता. जळण म्हणून रॉकेल लागायचं, आणि रॉकेल रेशनवर. विश्वजीतने अख्ख्या मोहल्ल्याची कार्डं गोळा केली. प्रत्येक घरी त्याने खरं कारण सांगितलं, आईला बहिणीकडे न्यायचं आहे, आणि प्रत्येक घराने काही ना काही दिलं. म्हणजे अमृतराव घाटापासून पंचगंगेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ठाऊक ते अण्णांना, असं आम्ही धरून चाललो होतो.

१९९४च्या डिसेंबरात एका दुपारी ते इंजिन पहिल्यांदा पेटलं. आधी खोकलं, मग गुरगुरलं आणि मग असं किंचाळलं की समोरच्या घरातली देवळीतली समई पडली. गल्लीतली माकडं जी पळाली ती आठ दिवस फिरकली नाहीत, त्यामुळे मोहल्ल्यात विश्वजीतची इज्जत एकदम वाढली. मी कानांत बोटं घालून रडत होते. का रडत होते कोण जाणे, पण आनंद होता तो, लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी अण्णा एवढंच म्हणाले, "होमाच्या वेळेला नको."

ती आम्ही परवानगी समजलो.

मग वजनाचा खेळ सुरू झाला. कानपूरकडच्या एका बंद पडलेल्या क्लबचं दोन माणसांचं ग्लायडर विश्वजीतला मिळालं होतं, त्याला हे इंजिन लावायचं होतं. रॉकेल जास्त घ्यावं तर वजन वाढतं, वजन वाढलं की रॉकेल जास्त लागतं. रोज रात्री शाळेच्या वह्या तपासून झाल्या की मी ते समीकरण सोडवायची. आईला गल्लीतल्या बनियाच्या तराजूवर उभं करून तोललं. शेहेचाळीस किलो. तिने शरूमावशीसाठी एक पिशवी भरून ठेवली होती, तीही तोलली. चार किलो दोनशे. पिशवीत एक खणाची बॉर्डर लावलेली साडी होती, गंगाजळाचा तांब्याचा गडू होता, दोघींच्या आईचा पितळी अडकित्ता होता, सागरगोट्यांची पुरचुंडी होती आणि लिंबाच्या गोड लोणच्याची बरणी होती. ते लोणचं मावशीशिवाय कोणी खात नाही. विष्णुकाकांना तर गोड लोणचं म्हणजे अधर्म वाटतो.

"आई, दीड किलो कमी करावं लागेल," विश्वजीत म्हणाला.

आईने बरणी काढली. दोन महिन्यांनी इंजिनाचा सांगाडा जड निघाला, तेव्हा तिने गडू काढला. पुढच्या उन्हाळ्यात टाकी बदलली, तेव्हा अडकित्ता काढला. दर वेळी ती पिशवीचे बंद पुन्हा नीट बांधायची. शेवटी साडी आणि सागरगोटे उरले.

"सागरगोटे राहू देत ना रे? त्यांना काय वजन असतं," तिने विचारलं.

विश्वजीत माझ्याकडे बघायला लागला. मी समीकरणात चाळीस ग्रॅम धरले आणि हो म्हणाले.

त्याच सुमाराला जायसवालजी आले. भदोहीचे गालिच्यांचे व्यापारी, पांढरे बूट घालणारे. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि त्यांना त्यात आई-बहीण ऐकू आली नाही, दिल्ली ऐकू आली. "विश्वजीत बाबू, सुबह दिल्ली, शाम को बनारस. हर व्यापारी का अपना जेट! आप बनाइए, बाकी हम पर छोड़िए." त्यांनी गंगेच्या पल्याड डोमरीच्या अंगाला उंचवट्यावर एक शेड बांधून दिली, कारण तिथून पुढे हिवाळ्यापासून जूनपर्यंत मैलभर सपाट रेती पडते आणि धावायला त्याहून मोकळी जागा काशीत नाही. त्यांनी चकचकीत पत्रकं छापली. त्यांवर विश्वजीतचा फोटो होता आणि खाली 'मुख्य अभियंता' लिहिलं होतं. एका हिंदी पेपरात बातमी आली. कारखान्यातले साहेब त्याला नावाने ओळखायला लागले. त्या वर्षभरात माझा भाऊ ताठ चालायला शिकला आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. परवान्याचं विचारलं की तो म्हणायचा, "ते नंतर बघू, आधी उडू तर दे." मीही जास्त ताणलं नाही.

आई त्याला कधी विमान म्हणाली नाही. ती 'विश्वाची गाडी' म्हणायची.

१९९७ची संक्रांत झाली आणि गाडी उभी राहिली. पंख लावून, रंग देऊन. विश्वजीत म्हणाला, आईने एकदा बसून बघायला हवं, पट्टे तिच्या मापाचे करायचे आहेत. सकाळची आहुती झाल्यावर आम्ही तिघं बचाऊच्या नावेत बसलो. आई पिशवी घेऊन आली होती.

"माताजी, इतने साल में कभी उस पार नहीं गईं?" बचाऊने वल्हं मारत विचारलं.

"क्या काम था भैया उधर," आई म्हणाली.

पल्याड उतरल्यावर ती वळून उभी राहिली. काशी समोरून तिने तीस वर्षांत पाहिली नव्हती. घाटांची ती सगळी रांग बघताना तिने डोळ्यांवर हात धरला.

"इंदू, आपलं घर कुठलं ग?"

"ते बघ, पिवळी गच्ची. पिंपळाच्या डाव्या अंगाला."

"एवढंसं?" ती म्हणाली. बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

मग विश्वजीतने तिला हात धरून आत बसवलं. ती मांडीवर पिशवी घेऊन, पदर सावरून बसली, अग्नीपाशी बसते तशीच. त्याने पट्टे आवळले, दाखवले, पुन्हा सैल केले. ती प्रत्येक गोष्ट नीट विचारत होती. कान दुखतील का? खालचं दिसतं का?

"शरूचं घर वरून ओळखू येईल?"

"फॅक्टरीची चिमणी दिसेल. तिच्या मागे लाल कौलांची रांग. तिसरं."

"तिला खिडकीशी बसवायला सांग हो विष्णुपंतांना. आधी पत्र टाक."

"टाकतो, आई."

"आणि मी किती वेळ असेन तिच्यापाशी?"

विश्वजीतने माझ्याकडे बघितलं. ते गणित माझं होतं. "सहा तास," मी म्हणाले. "जूनमध्ये."

"सहा तास पुष्कळ झाले," आई म्हणाली. साडेचारला दूध काढायचं म्हणून आम्ही दोनलाच परत निघालो. नावेत तिने सागरगोटे काढून एकदा हातावर झेलले. पाचातले चार झेलले. त्या दिवशी तिला बघून मला खात्री पटली होती की हे होणार. देवाला इतकं निष्ठुर होता येणार नाही, असं मला वाटलं. देवाचं गणित मला कधीच आलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहिलं उड्डाण ठरलं. एकटा विश्वजीत बसणार होता, सरळ रेषेत थोडं उडून उतरणार होता. जायसवालजी चार पाहुणे आणि व्हिडिओ कॅमेरावाला घेऊन आले होते. रेती उडू नये म्हणून आम्ही दोन दिवस पोती भिजवून अंथरली होती. सगळ्या पट्ट्यावर नाही, जेवढी मिळाली तेवढ्यावर. बाकीच्या रेतीचं चालून जाईल असं मीच म्हणाले होते. आई आमच्या गच्चीवरून बघणार होती.

गाडी किंचाळली आणि धावली. पोत्यांवरून धावली, पोती संपल्यावर रेतीवरून धावली आणि उठली. खोटं सांगत नाही, उठली. आधी वीतभर, मग पाच-सहा हात, आणि तिच्या पोटाखालून मला पल्याडची सगळी काशी दिसली. एवढ्यात तिच्या आत कुणी खडे भरडावेत तसा आवाज झाला. स्वतःच्याच वाऱ्याने उडवलेली रेती ती गिळत होती. पाती फुटून मागून बाहेर पडली, आग दिसली, आणि गाडी एका पंखावर आपटून फिरली आणि थांबली. आम्ही धावलो. विश्वजीत स्वतःच बाहेर आला. भुवया जळल्या होत्या आणि डावं मनगट भलतीकडे वळलं होतं. मी त्याला धरलं तेव्हा तो म्हणत होता, "उडाली ना ग? तू पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणाले.

जायसवालजींची मोटार आम्ही वळून बघेपर्यंत गेली होती. तासाभराने पोलीस आले. दरोगाने भोवती एक फेरी मारली.

"ये क्या है?"

"विमान," विश्वजीत म्हणाला.

"उड़ता है?"

विश्वजीतने जरा विचार केला. "उड़ा था."

दरोगाने ते तसंच कागदावर लिहून घेतलं. विनापरवाना म्हणून सगळं जप्त झालं. पंख तोडून ट्रॅक्टरवर घालून नेले. घरी आलो तेव्हा आई जिन्याशी उभी होती. तिने प्लास्टरमधला हात बघितला, त्याच्या जळलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "जेवून घे."

पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळची आहुती आटोपत होती, तेव्हा कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याने हाक मारली. जबलपूरचा फोन होता. विष्णुकाका म्हणाले, "इंदू, शरूने अन्न सोडलं आहे. डॉक्टर तीन-चार दिवस म्हणतात. शुद्ध आहे. पाटी उशाशी घेऊन पडली आहे."

मी घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते जसंच्या तसं सांगितलं. आई होती, अण्णा होते, विश्वजीत होता. अण्णांनी आईकडे पाहिलं. आईने अण्णांकडे पाहिलं. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल.

"दूध उतरवलंस का ग?" आईने मला विचारलं.

रोज संध्याकाळी जबलपूरकडे जाणारी गाडी काशीहून सुटते. सोमवारी सुटली. मंगळवारी सुटली. बुधवारीही सुटली, मी शाळेतून येताना मुद्दाम स्टेशनावरून आले आणि फलाटावर उभी राहून ती बघितली. डब्यात जागा होती. मी घरी आले आणि काही बोलले नाही. काय बोलणार होते? आई जाऊ शकत नाही, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक होतं. त्याच्यावर तर चार वर्षांचं सगळं गणित उभं होतं.

गुरुवारी पहाटे मावशी गेली.

आंघोळी झाल्या. दुपारी सगळे ओसरीत बसलो होतो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. विश्वजीत प्लास्टर मांडीवर घेऊन खाली बघत होता, आणि तसाच खाली बघत त्याने विचारलं, "अण्णा, सोमवारी आई रेल्वेत बसली असती तर काय झालं असतं?"

"अग्नी गेला असता," अण्णा म्हणाले. "म्हणजे लौकिक झाला असता. साधा, चुलीतल्यासारखा."

"आणि मग?"

"मग प्रायश्चित्त आहे. पुनराधान आहे. लाकडावर लाकूड घासून अग्नी पुन्हा काढायचा, पुन्हा स्थापन करायचा. तीन दिवसांचं काम." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "शास्त्राने माणसाला कोंडून घातलेलं नाही रे."

मला आधी ते कळलंच नाही. मी मुलींना रोज सांगते, उदाहरण सोडवायच्या आधी ते नीट वाचा. आणि आम्ही दोघांनी चार वर्षं एक उदाहरण सोडवलं होतं, ते न वाचता. अण्णांना एक प्रश्न विचारायचा, तर त्याऐवजी आम्ही विमान बांधलं होतं.

माझा आवाज चढला. अण्णांसमोर पहिल्यांदाच. "तीन दिवस? मग तुम्ही बोलला का नाहीत? ती पाटीवर ताई, ताई लिहीत होती आणि तुम्ही ईश्वरेच्छा म्हणालात!"

"मला कोणी विचारलं नाही," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज बसला. "इंदू, अग्नी एकट्या माझा नाही. हिने तीस वर्षं तो सांभाळला. दोन बाळंतपणांत, तापात, हिने एक वेळ चुकवली नाही. तिला मी सांगू, की मोड तुझं व्रत? तिच्या तोंडून आलं असतं तर त्याच क्षणी मी उठलो असतो. मी वाट बघत होतो. ते यंत्र गच्चीवर आलं, रॉकेलचा वास येणारा पंप मी काही पाहिला नव्हता, तेव्हा वाटलं, आता म्हणेल. पल्याड गेली त्या दिवशी वाटलं, परत आली की म्हणेल. सोमवारी तर..."

आम्ही सगळे आईकडे बघत होतो.

"तुला माहीत होतं हे? पुनराधानाचं?" विश्वजीतने विचारलं.

"न माहीत असायला काय झालं? पलीकडच्या दीक्षितांकडे झालं होतं की. तीन दिवसांचा स्वयंपाक मीच केला होता." आई भिंतीकडे बघत बोलत होती. "मला वाटायचं, हे म्हणतील. यांनी म्हणायचं ना? मी कशी म्हणू, की तुमचा अग्नी विझवा आणि मला बहिणीकडे जाऊ द्या?"

"मग मला कशाला गाडी करू दिलीस?" विश्वजीत ओरडला. त्याला रडू फुटलं होतं. "चार वर्षं, आई! मी मेलो असतो तर?"

आईने त्याच्याकडे मान वळवली.

"तू मला नेतो म्हणालास," ती म्हणाली. "दुसरं कोण म्हणालं होतं?"

अण्णांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मला त्या दोघांचा इतका राग आला होता की घर सोडून जावंसं वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग माझा मला आला होता, कारण मीही याच घरची, मीही विचारलं नव्हतं. मग ओसरीतलं ऊन भिंतीवर चढलं तशी आई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"उठा," ती अण्णांना म्हणाली. "वेळ झाली."

आणि ते उठले. आईने दूध काढलं, तापवलं, ती आपल्या जागी बसली, आणि सूर्य घरांमागे उतरताना रोजच्यासारखी आहुती पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने मी जबलपूरला निघाले. घरातून कोणीतरी जायला हवं होतं. मी आवराआवर करत असताना आई ती पिशवी घेऊन आली. साडी आणि सागरगोटे होतेच. तिने अडकित्ता आणून ठेवला. गडू फडक्यात गुंडाळून ठेवला.

"रेल्वेत वजनाचं काही नसतं ना ग?" तिने विचारलं.

"नाही, आई."

मग ती आत गेली आणि लोणच्याची बरणी घेऊन आली. बरणी जुनीच होती, पण मी झाकण घट्ट आहे का बघायला उघडली तर आतलं लिंबू अजून पिवळं होतं, रसही सुटायचा होता. लोणचं या वर्षीचं होतं. बरणी पिशवीतून काढल्यापासून ती दर वर्षी नवीन घालत आली होती.